दक्षिणेला, जरा बाहेर

“जाताना तुला काय बोलला?” बाबांनी विचारलं.

“दक्षिनेला जातो बोलला,” आय म्हणाली. “वायच भाएर.”

बाबांनी मान हलवली आणि पुन्हा समुद्राकडे बघितलं. दुपार होत आली होती. वेलदांड्याच्या धक्क्याला सगळ्या बोटी लागल्या होत्या, मासळी उतरून निम्मी टेम्पोत चढलीसुद्धा होती, आणि माझा धाकटा भाऊ जयेंद्र मात्र आला नव्हता. पहाटे एकटाच होडी घेऊन गेला होता. होडी छोटी, फायबरची, मागे एक इंजिन अडकवलेलं. तिच्यावर वायरलेस नाही. सकाळी दाट धुकं होतं, आणि धुकं उठल्यावर उत्तरेचा वारा असा सुटला की बर्फाच्या कारखान्यावरची ताडपत्री सुटून फडफडायला लागली.

“इंजान बंद पडला असंल,” बाबा म्हणाले. हे ते मघापासून तिसऱ्यांदा म्हणत होते.

आमच्या बोलीत ड टिकत नाही. होडीची होरी होते, खडपाचा खरप होतो. शहरात शिकायला गेले तेव्हा होस्टेलच्या मुलींनी यावरून माझी यथेच्छ टिंगल केली होती, आणि मीही जीभ वळवून वळवून ड शिकले. त्या दिवशी धक्क्यावर जो तो येऊन एकच विचारत होता, “जयूची होरी आली?” ते ऐकलं की मी धक्क्याच्या टोकापर्यंत जाऊन बघून येत होते.

मी तेव्हा पनवेलच्या एका कॉलेजात शिकवत होते आणि माझं स्वतःचं संशोधन आमच्याच बंदरात तरंगत होतं. त्याचं नाव ‘संगत’, फोनाफोनांना जोडणारी यंत्रणा. समुद्रात थोडं आत गेलं की टॉवर संपतो आणि फोनचा उपयोग फक्त गाणी ऐकायला उरतो. पण बोटी एकमेकींच्या जवळून जातात. हाकेच्या जरा पलीकडच्या अंतरात आले की फोन एकमेकांना ऐकू यावेत, आपापली खबर एकमेकांकडे ठेवावी, आणि एकट्याला न झेपणारं मोठं गणित सगळ्यांनी वाटून करावं, एवढंच त्यातलं कौतुक. आयला मी ते धक्क्यावरच समजावलं होतं. “ढीग मोठा आला की तुम्ही चारचौघी मिळून मासळी निवडता ना, तसं.” आयला लगेच कळलं. माझ्या गाईड सरांना जास्त वेळ लागला होता.

मात्र निवडायला कुणालाही बसवून चालत नाही. एखादी हळूच पापलेट पदराखाली सारते. म्हणून ‘संगत’मध्ये नियम होता की नवा फोन आत यायचा तर आतल्या दोघांनी त्याला जामीन राहायचं, आणि गणिताचे वाटे थेट जायचे ते एकमेकांना जामीन असलेल्यांतच. शिवाय गणिताचा प्रत्येक वाटा दोन वेगवेगळ्या फोनना द्यायचा. दोघांचं उत्तर जुळलं तर खरं, नाही जुळलं तर दोघांवरही नजर ठेवायची. जामिनाचा शब्द नाखवा लोकांना फार आवडला. बोटीचे मालक सगळे, त्यांनी देवळासमोर बसून, चहा पीत, मोठ्या थाटात एकमेकांना जामीन दिला. आय म्हणाली, “मना फोन नाय. मी कुनाला जामीन राहू?” सगळे हसले होते.

फक्त दोघांनी एकमेकांसाठी बोट उचललं नाही. माझे बाबा, हसुराम चोगले, आणि बुधाजी नाखवा.

त्याला कारण होतं. माझ्या आजोबांना बाहेरच्या पाण्यात एक खडप सापडला होता. खडकाळ जागा, तिथे घोळ मासा मिळतो, आणि घोळ म्हणजे आमच्याकडे पाण्यातलं सोनं. ती जागा आजोबांनी फक्त बाबांना दाखवली. मग एका वर्षी बुधाजी नाखव्याच्या बोटीतूनही घोळ उतरायला लागली. बाबांनी गावकीत उभं राहून त्याला चोर म्हटलं. बुधाजीने देवीपुढे नारळावर हात ठेवून शपथ घेतली की हसुरामच्या खडपावर माझी बोट कधी गेली नाही. शपथ घेतली म्हटल्यावर प्रकरण मिटलं. बोलणंही मिटलं. एकाच धक्क्यावर दोघांच्या बोटी शेजारी लागायच्या आणि दोघं एकमेकांच्या डोक्यावरून आभाळ बघायचे.

तर त्या दुपारी माझ्या हातात फोन होता आणि फोनमध्ये जयूचा ठिपका. त्याची शेवटची खबर सकाळी धुक्यातली होती, आणि ठिपका दक्षिणेलाच होता, दीपगृहाच्या बाहेर. म्हणजे तो आयला खरंच सांगून गेला होता. मला तेवढ्यानेही धीर आला. मी धक्क्यावरच्या सगळ्यांना म्हटलं, फोन चालू ठेवा, कुणी लांब जाऊ नका. बंद पडलेली होडी त्या ठिपक्यापासून वारा आणि पाणी कुठे ढकलून नेईल, याचं गणित लावलं. ते काही एक गणित नसतं, शेकडो असतात. वारा इतका असेल तर, ओहोटी तितकी असेल तर. एका फोनला संध्याकाळ झाली असती. सगळ्यांनी वाटून घेतलं आणि कुणीतरी आणलेला चहा पिऊन होईपर्यंत उत्तर आलं. सगळे वाटे जुळले. एकाही फोनने दगा दिला नाही.

गणिताने दिलेल्या जागेकडे बोटी सुटल्या. बुधाजी नाखवाही सुटला, त्याला कुणी सांगावं लागलं नाही. सरकारी गस्तीच्या बोटीलाही आम्ही तीच जागा कळवली. बाबांच्या बोटीच्या पंख्यात जाळं गुंतलं होतं, ते सोडवत ते मागे राहिले. मी आयजवळ बसले. आयने समोरची मासळीची पाटी उपडी घालून ठेवली होती आणि तिच्यावर हात ठेवून ती बसली होती. गिऱ्हाइकं आली तरी ती वर बघत नव्हती.

वायरलेसवर एकेकाचे आवाज येत गेले. नाही. इकडे काही नाही. अजून खाली जाऊन बघतो. नाही.

ऊन उतरायला लागलं तशा काही बोटी डिझेल भरायला परतल्या, आणि उतरणारा कुणीही माझ्या डोळ्याला डोळा भिडवेना. मी फोन घेऊन बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीशी गेले. माझंच काहीतरी चुकलं असणार, असं धरून मी सगळं पहिल्यापासून तपासत बसले. वाऱ्याचा आकडा बरोबर. ओहोटी बरोबर. मग मी बघितलं की जयूचा तो ठिपका आमच्याकडे आला कसा. समुद्रात टॉवर नाही, म्हणजे कुणाच्या तरी फोनने तो जवळून ऐकून आणला असणार.

तो आणला होता बुधाजी नाखव्याच्या फोनने. आणि त्या वेळी बुधाजीचा स्वतःचा ठिपका होता उत्तरेला, टेंभा गावाच्या टोकापाशी.

मी ते पुन्हा पुन्हा बघितलं. एक दक्षिणेला, एक उत्तरेला, मध्ये आमची अख्खी खाडी. आणि दोघांचे फोन एकमेकांना हाकेच्या अंतरात ऐकू आले होते.

बुधाजी नाखवा डिझेलचा पाइप धरून उभा होता. मी पळतच गेले. “नाखवा, सकाळी धुक्यात कुठे होतात?”

“उत्तरेला,” तो म्हणाला. “वायच भाएर.”

“आणि जयू?”

“दक्षिनेला ना. तिकरंच तर सोदून आलो.”

“मग तुमच्या फोनला त्याचा फोन ऐकू कसा आला?”

घरचं कुत्रं चावावं तसं त्याने खिशातल्या फोनकडे बघितलं. “आयकू म्हंजे? कवऱ्या अंतरावरून?”

“हाकेच्या जरा पलीकडून. त्याहून लांबचं त्याला ऐकूच येत नाही.”

पाइप त्याने दुसऱ्याच्या हातात दिला. “धुक्यात एक इंजानाचा आवाज आलेला,” तो हळूच म्हणाला. “मना वाटला, टेंभ्याचा कोनतरी…”

एव्हाना चारपाच नाखवा भोवती जमले होते. बाबाही हात पुसत आले. मी म्हटलं, “या दोघांपैकी एक जागा खोटी आहे. फोनला जागा चुकीची कळत नाही. कुणीतरी मुद्दाम खोटी सांगितली तरच तसं होतं.”

मग लाया नाखवा, सगळ्यांत तरुण, धक्क्याच्या फरशीकडे बघत म्हणाला, “माझ्या फोनात हाय ते. खोटी जागा.”

“काय?”

“मोबाइलवाल्याकरं मिलतं. एकदा लावला की फोन आपन सांगू तीच जागा दावतो.” तो कान खाजवायला लागला. “तू बोललीस, समद्यांची जागा समद्यांना दिसंल. मंग? माझा सुरमईचा ठिकान मी काय पाटीवर लिवून धक्क्यावर लावू?”

“माझ्या फोनात पन हाय,” मागून एक आवाज आला. “माझ्या सुदा,” आणखी एक. प्रत्येकाला वाटत होतं ही अक्कल आपल्या एकट्याचीच, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याकडे जरा रागानेच बघत होता. मी बाबांकडे वळले. आयुष्यात कधी मान खाली न घालणारा माझा बाप हातातलं फडकं पिळत म्हणाला, “माझ्या पन.”

मासा दाखवावा, जागा दाखवू नये. हे आमच्याकडे पोराला दात यायच्या आधी शिकवतात. कुठे होतास विचारलं की जरा बाहेर. बाहेर म्हणजे कुठे, तर दक्षिणेला असलेला उत्तर सांगतो आणि उत्तरेला असलेला दक्षिण. मी याच गावची. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण फोन खोटं बोलेल हे माझ्या डोक्यात शिरलं नाही, इतका मला त्याचा शहरातला प्रामाणिकपणा पाठ झाला होता.

“तुम्ही एकमेकांना जामीन राहिलात ना?” मी ओरडले. माझा आवाज फाटला. “देवळासमोर! चहा पिऊन!”

“मानसाला राहिलो,” लाया कळवळून म्हणाला. “जागेला कोन जामीन राहतो?”

म्हणजे जयूच्याही फोनात तेच होतं. दक्षिणेला जयू गेलाच नव्हता. सगळं बंदर अर्धा दिवस भलत्या पाण्यात त्याला शोधत होतं. तो कुठे होता ते आता एकाच माणसाला ठाऊक होतं, कारण तो माणूस तिथे होता. मी बुधाजी नाखव्याकडे बघितलं. तो माझ्या बापाकडे बघत होता.

“नाखवा,” मी म्हटलं, “खरंच कुठे होतात?”

त्याने मला हाताने बाजूला बोलावलं. कानात सांगायला. माझ्याजवळ वाकला, तोंड उघडलं आणि मिटलं. मला रडू यायला लागलं होतं. मी म्हटलं, “कानात सांगून उपयोग नाही. मी ती जागा फोनमध्ये घातली की सगळ्यांना दिसणार.”

तो सरळ उभा राहिला. डोक्यावरची लाल टोपी काढून हातात घेतली. नाखव्याला टोपीशिवाय मी तोवर फक्त देवळात बघितलं होतं.

“हसुराम,” तो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून हे नाव निघालं. “तुझ्या बापाच्या खरपावर व्हतो मी.”

नारळावरचा तो हात सगळ्यांनी पाहिलेला होता. आता बाबा काय करतील या धास्तीने मी त्यांचा दंड धरला. तो दगडासारखा घट्ट झाला होता.

“खरपाच्या कुठल्या अंगाला?” बाबांनी विचारलं.

बुधाजीला पहिल्यांदा कळलंच नाही.

“अरे, कुठल्या अंगाला व्हतास? लवकर बोल!”

“खालच्या. जिथं पानी फुटतं.”

“मंग तो वरच्या अंगाला असंल. मीच दावली त्याला जागा, गनपतीनंतर.” बाबा माझ्याकडे वळले. “एकट्यानं जाऊ नको बोललो व्हतो. घाल, वैजू. घाल फोनात.”

आय मागे येऊन कधी उभी राहिली होती कळलं नाही. “मना दक्षिन बोलला,” ती म्हणाली. “आयला पन.”

कुणीच तिच्याकडे बघू शकलं नाही.

पण एका जागेने भागणार नव्हतं. बंद पडलेली बोट पाणी ओढेल तशी वाहते, म्हणून सकाळपासून कोणाची बोट कुठे, किती वाहिली ते सगळं हवं होतं. ते प्रत्येक बोटीवरच्या जीपीएसच्या डब्यात असतं. तो डबा आमच्याकडे कुणी कुणाला दाखवत नाही. परका माणूस बोटीवर चढला की आधी त्याच्यावर टॉवेल पडतो. मी ते बोलले, आणि नाखवा लोक एकमेकांकडे बघायला लागले.

पहिला टॉवेल बाबांनी काढला. मग बुधाजीने. मग लाया नाखवा आपल्या बोटीवर उडी मारून गेला आणि टॉवेल काढून सरळ पाण्यातच फेकला. मी एका बोटीवरून दुसरीवर जात होते, फोटो काढत होते, आकडे भरत होते, आणि माझ्या हातात वेलदांड्याचा असा नकाशा तयार होत होता जो आजवर कुणीच पाहिलेला नव्हता. कुणाचं हलवा माशाचं ठिकाण, कुणाची शेवंडांची कपार. प्रत्येकाच्या बापाने मरताना कानात सांगितलेलं. मला त्याच्याकडे बघायची लाज वाटत होती, आणि बघायला सवडही नव्हती. सूर्य कलला होता.

सगळ्यांनी खोटी जागा बंद केली. फोन पुन्हा कामाला लागले. या वेळी चहा कुणी आणला नाही. उत्तर आलं ते दीपगृहापासून कितीतरी लांब, पश्चिमेला, खोल पाण्यात. ओहोटीने त्याला उघड्या समुद्रात ओढून नेलं होतं.

मी बाबांच्या बोटीत चढले. एरवी बाईमाणूस मासेमारीच्या बोटीतून समुद्रात निघालं असतं तर चार जण बोलले असते. कुणी बोललं नाही. सरकारी बोटीला कळवलं, पण ती दक्षिणेला फार खाली गेली होती. आमच्या बोटी पंखा पसरावा तशा पसरत निघाल्या, आणि थोड्याच वेळात एकमेकींना दिसेनाशा झाल्या.

आम्ही गणिताने दिलेल्या जागी पोचलो तेव्हा तिथे पाणी होतं. नुसतं पाणी, वर-खाली होणारं. बाबांनी इंजिन हळू केलं. डोळ्यांवर हात धरून ते चहूकडे बघत होते आणि ओठातल्या ओठात देवीचं नाव घेत होते. “नाय,” ते म्हणाले. “इथं नाय.”

मला दिसत होतं काय झालं ते. यायला वेळ लागला, तोवर ओहोटी संपून भरती लागली होती. पाणी फिरलं होतं आणि आमचं गणित फिरलं नव्हतं. ते पुन्हा करायला हवं होतं, आणि आमच्या बोटीवरचा एकच फोन ते अंधार पडेपर्यंत करत बसला असता. जवळपास एकच बोट होती, बुधाजी नाखव्याची. तिच्यावर त्याचा आणि खलाशांचे मिळून पाच-सहा फोन होते. पण गडबडीत मी घेऊन आले होते तो बाबांचा फोन, ‘संगत’मध्ये नावही बाबांचंच. आणि त्या दोघांत जामीन नव्हता. धक्क्यावर मधले सगळे होते म्हणून काम चाललं. इथे मध्ये कुणी नव्हतं. त्याच्या पडद्यावर बुधाजीचं नाव राखाडी रंगात दिसत होतं आणि खाली मीच लिहिलेलं वाक्य होतं: ‘या माणसाला तुम्ही जामीन राहता का?’

मी ते बाबांपुढे धरलं.

बाबांनी वाचलं. त्याच दिवशी ज्याची देवीपुढची शपथ खोटी निघाली त्या माणसाला जामीन राहायचं होतं. पलीकडच्या बोटीवर बुधाजी उभा होता, त्याने टोपी अजून घातली नव्हती.

“कुठं दाबाचा?” बाबांनी विचारलं.

मी दाखवलं. त्यांनी अंगठा टेकवला. काहीच झालं नाही. अंगठा ओला होता, खाऱ्या पाण्याने भिजलेला, फोन त्याला ओळखेना. त्यांनी पुन्हा दाबला, पुन्हा. “काय झालाय याला?” ते किंचाळले. मी त्यांचा हात धरून माझ्या ओढणीला पुसला, बोट न् बोट पुसलं, आणि त्यांनी अंगठा परत टेकवला. ‘होय.’

“नाखवा!” मी पलीकडे ओरडले. “तुम्ही पण होय दाबा! लवकर!”

बुधाजीने दाबलं. राखाडी नाव हिरवं झालं. एकामागून एक त्याच्या खलाशांचे फोन जोडले गेले, आणि मी लाकडाला पाठ लावून, डोळे मिटून बसले, कारण पडद्याकडे बघणं मला सोसत नव्हतं.

उत्तर आलं ते आमच्या मागच्या अंगाला. आम्ही त्याला ओलांडून पुढे आलो होतो.

जयू तिथेही नेमका नव्हता. पण त्या जागेच्या वाटेवर बुधाजीचा एक खलाशी मोठ्याने ओरडला, आणि मग मलाही दिसलं. उपड्या होडीचं पांढरं पोट, त्याच्यावर पालथा पडलेला एक माणूस, आणि त्याच्या हातातला पिवळा कॅन, जो तो जोर नसल्यासारखा वर करत होता आणि खाली पाडत होता.

बुधाजीची बोट आधी पोचली. दोघा खलाशांनी त्याला काखेत धरून वर ओढला. आम्ही लगत गेलो तोवर त्याला कांबळ्यात गुंडाळलं होतं. ओठ निळे, डोळे मिठाने सुजलेले, दात असे वाजत होते की मला आमच्या बोटीवरून ऐकू येत होतं. बुधाजी त्याच्यापुढे उकिडवा बसला, पाण्याची बाटली त्याच्या तोंडाला लावली, आणि त्याला काय बोलावं सुचेना म्हणून असेल, आमच्याकडे सगळे विचारतात तेच विचारलं.

“कुठं व्हतास रं सकालपासून?”

जयूने त्याच्याकडे बघितलं. मग आमच्या बोटीकडे, बाबांकडे बघितलं. सगळा जीव एकवटून तो म्हणाला, “दक्षिनेला… वायच भाएर.”

मग बुधाजी नाखवा हसायला लागला. गुडघ्यावर थापा मारत, रडत हसायला लागला, आणि त्याचे खलाशीही. बाबांनी मधल्या पाण्यावरून त्या बोटीवर उडी घेतली, ज्या बोटीला इतकी वर्षं त्यांनी सावलीही लागू दिली नव्हती. हात उगारूनच ते जयूकडे गेले. मला वाटलं, मारतात. त्यांनी त्याचं डोकं छातीशी धरलं आणि लहान पोरासारखा हंबरडा फोडला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आय सगळ्यांच्या आधी धक्क्यावर होती. आदल्या रात्रीतच निम्म्या फोनांत खोटी जागा परत चढली होती. मला ते दिसलं होतं, मी काही बोलले नव्हते. तो नकाशा मी सगळ्यांसमोर पुसून टाकला होता, आणि पुसला गेल्याची खात्री प्रत्येकाने दोनदोनदा करून घेतली होती. लाया नाखवा दोर सोडायला वाकला तर आयचा पाय त्या दोरावर होता.

“फोनाला काय सांगाचा ते सांगा,” आय म्हणाली. “मना खरा सांगाचा. माझ्या कानात. मंगच दोर सोराचा.”

“काकी, अगं…”

“माझ्याकरं फोन नाय,” आय म्हणाली. “माझ्यातून कोन कारून घेनार?”

लाया हसला. मग हसायचा थांबला. वाकून तिच्या कानाशी काहीतरी बोलला, आणि आयने पाय काढला. त्याच्यामागे दुसरा आला. बुधाजी नाखवा आला. बाबाही आले, आणि लग्नाच्या बायकोच्या कानात त्यांनी आपली जागा आयुष्यात पहिल्यांदा सांगितली.

त्यानंतर आमच्या बंदरात कुणाला चुकीच्या पाण्यात शोधायची वेळ आली नाही. ‘संगत’ चालली, तिचं पुढे कौतुकही झालं. सरांनी विचारलं होतं की खऱ्या जागेचा भरवसा ही अडचण तू कशी सोडवलीस. मी कागदावर काहीतरी लिहून दिलं. आय एवढी वर्षं सगळ्यांचं पोटात ठेवून राहिली. बाबांचं बुधाजीला कळलं नाही, बुधाजीचं मला नाही. शेवटच्या आजारपणात तिने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता जागा सांगेल. तिने सांगितलं ते एवढंच, की उद्यापासून पहाटे धक्क्यावर तू जा.

मी जाते. नोकरी सोडून गावी आले त्याला बरीच वर्षं झाली. नाखव्यांची आता पोरं बोटी चालवतात. ती येतात, वाकतात, कानात सांगतात, आणि ऐकताना मी माझा फोन बंद करून ठेवते. जयू मात्र अजून तसाच आहे. तो येतो, माझ्या कानाशी म्हणतो, दक्षिणेला, आणि चालायला लागतो. चार पावलं जातो, डोकं खाजवतो, परत येतो आणि खरी जागा सांगतो.